पंक्चरची दुसरी डबी

रेंदाळ
१४ जुलै २०२५

विश्वा,

जय जिनेंद्र. जोतीरामनं हे पत्र हातात दिल्यावर तू आधी त्याला शिव्या घातल्या असशील आणि मग मला. तुझे ढीगभर मिस्ड कॉल पडले असणार, पण ते बघायला मोबाईलच जवळ नाही. चातुर्मासासाठी गावात महाराज आलेत. त्यांच्यापुढं नियम घेतला, दिवाळीपर्यंत मोबाईल बंद. अव्वा म्हणाली, "बरं झालं की! जेवताना तरी लेकाचं तोंड दिसंल." तेव्हा आता पत्रं. जोतीराम आमच्या फौंड्रीची बस चालवतो आणि राहतो तुझ्या गल्लीत, त्यामुळं पोस्टापेक्षा तोच बरा. फक्त तो मधेच उघडून वाचेल अशी शंका आहे. जोतीराम, वाचत असलास तर उद्या बस वेळेवर आण.

शिरोलीची फौंड्री सुटली की मला थेट घर गाठावं लागतं, कारण दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. म्हणून पेठेत येणं होत नाही. पण तुला काय झालंय? जूनमधल्या चारशे किलोमीटरच्या राईडनंतर तू एकदाही इकडं फिरकला नाहीस. हुबळीला सायकल हाणून परत आलेल्या माणसाला रेंदाळ लांब पडतं होय?

ती राईड अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आपण नेहमीसारखं सामान वाटून घेतलं होतं. पाने, पंप, पंक्चरचं सामान आणि जादा पाणी तुझ्याकडं; ट्यूब, दिवे, रेनकोट आणि दिवसाचं खाणं माझ्याकडं. परतताना संकेश्वर सोडलं आणि माझे पाय गेले. दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा माझा नियम बाबा गेले तेव्हापासूनचा आहे. तू चिडलास, पण जबरदस्ती केली नाहीस. तवंदी घाटापाशी थांबलो, मी स्तवनिधीच्या देवळाकडं तोंड करून हात जोडले, मागं वळलो तर तू बाटली पुढं केलीस. ती प्यायलो आणि असा सुटलो की तूच मागं राहिलास. काय चव होती रे त्या पाण्याला! अजून जिभेवर आहे.

एक विचारायचं राहिलं. परत आल्यावर तुझ्या दुकानात सामान वेगळं करताना पंक्चरच्या डब्या दोन दिसल्या. दोन कशाला घेतल्या होत्यास?

कामाचं शेवटी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी क्लबची तीनशेची राईड आहे. दुपारी चारला सुटणार, म्हणजे सगळी रात्र सायकलवरच. मी जाणार आहे. तुझ्यासारखा ताडपत्र्या आणि बॅगा शिवणारा मित्र असताना विकतची बॅग घेणं बरं दिसत नाही, तेव्हा सीटमागची एक लहान बॅग शिवून दे. रात्री खायचंच नाही म्हटल्यावर खाण्याचा खिसा नको. तेवढंच वजन कमी.

तुझा
महावीर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२४ जुलै

महावीरा,

जोतीरामनं तुझं पत्र भर दुकानात, गिऱ्हाइकांपुढं दिलं आणि वर म्हणाला, "घ्या पावणं, लव्ह लेटर आलंय." त्यानंतर जो उठला तो विचारतोय, कोण हाय रं? आता माझं अक्षर बघून हसू नकोस. शाळा सुटल्यापासून मी फक्त लांबी-रुंदी लिहीत आलोय.

तिकडं आलो नाही हे खरं. पावसाळा म्हणजे आमचा सीझन. सगळ्या जिल्ह्याची छपरं एकदमच गळायला लागतात आणि सगळ्यांना ताडपत्री आजच्या आज पाहिजे असते. मशीनवरून उठायला मिळत नाही. दुसरं काही कारण नाही.

आता बॅग. लहान शिवून देतो, पण खिसा असू दे. कारण सांगतो. जड सामान तळाला आणि सीटला चिकटून बसलं पाहिजे, रेनकोट सगळ्यात वर, कारण तो मागितल्यावर लगेच हाताला लागावा. बॅग अंगाबरोबर घट्ट नसली की डुलते, आणि डुलली की चढावर तुला मागं ओढते. बाजूला खिसा असला की बॅगेला कड येते आणि ती ताठ राहते. खिशात काय घालायचं ते तू ठरव. मोजे घाल. पण खिसा असू दे.

डबीचं म्हणशील तर एक रिकामी होती. गडबडीत राहून गेली असेल. आणि पाण्याला कसली चव? पाणी ढाब्यावरचं होतं. तुझ्याच फडक्यातून गाळून घेतलं होतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. तहानेला सगळंच गोड लागतं.

आक्का पोटच्या पोरापेक्षा तुझीच जास्त आठवण काढते. "ते उपाशी पोरगं बरं हाय न्हवं?" असं विचारते. तुझं नाव तिनं तेच पाडलंय.

विश्वजित

रेंदाळ
११ ऑगस्ट

विश्वा,

सत्काराला तू आला नाहीस. जोतीराम म्हणाला, आक्कांना ताप आहे. आता उतरला असेल.

काय काय झालं ते सांगतो. माझ्या चारशेची गोष्ट कुणीतरी महाराजांच्या कानावर घातली. त्यांनी प्रवचनात माझं नाव घेतलं. संयमानं शरीर खचत नाही, ते या तरुणानं दाखवून दिलं, म्हणाले. मग मला सगळ्या सभेसमोर उभं केलं आणि शाल घातली. मी मान खाली घातली तर लोक म्हणाले, किती नम्र आहे पोरगा. अव्वा पदरानं डोळे पुसत होती. आता दुधाला गेलो तरी लोक थांबवून विचारतात, पाण्यावर रात्र काढलीस म्हणं? मी हो म्हणतो आणि पाय उचलतो. ज्याचं कौतुक होतं त्याचीच लाज वाटावी, असं तुला कधी झालंय का?

तू असायला पाहिजे होतास. त्या रात्री तवंदीला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तू चार शब्द बोलला असतास तर बरं झालं असतं. अजूनही काही सांगायचं असेल तर सांग. मी ऐकून घेईन.

आणखी एक. त्रिशलानंही नियम घेतला आहे. सभेतच, माझ्या शेजारी उभी राहून. मागच्या वर्षी ती माझी जुनी सायकल घेऊन शिकली, आता दीडशे-दोनशे आरामात करते. ऑक्टोबरच्या तीनशेला तीही येणार म्हणते, रात्री फक्त पाण्यावर. "अण्णाला जमतंय, मला का जमणार न्हाय?" असं विचारते आणि अव्वाला ते पटतं. तिच्यासाठीही बॅग शीव, माझ्यासारखीच.

महावीर

शिवाजी पेठ
२२ ऑगस्ट

महावीरा,

आक्काला ताप नव्हता. मीच जोतीरामला तसं सांगायला लावलं होतं. तुझ्या सत्काराला यायला अंगावर शर्ट चढवला आणि परत काढून ठेवला. का ते विचारू नकोस.

बॅगा झाल्या नाहीत. आधी सुई मोडली, मग हवी तशी ताडपत्री मिळेना, मग बकलं आली ती चुकीच्या मापाची. तू म्हणशील हा कारणं सांगतोय. सांगतोयच.

पण त्रिशलाचं मनावर घे. तू भट्टीपुढं उभा राहून लोखंड ओतून घेणारा गडी आहेस. ती बँकेत पंख्याखाली बसते. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं, आणि पाणी पिऊन मीठ परत येत नाही. हे तुलाही माहीत आहे, मलाही. पोरीला नाही म्हणून सांग. तुझं ऐकत नसेल तर निदान मागं गाडी ठेवा. मी गाडी चालवीन. मी स्वतः ती राईड करत नाही आहे, माझं मन लागत नाही.

तुझ्या पत्रात तू विचारलंस, काही सांगायचं आहे का. आहे. पण ते समोरासमोर बसून सांगायचं आहे आणि तुझ्यासमोर बसायचं धाडस होत नाही. परवा सायकल काढून तुझ्या गावाशेजारच्या हुपरीपर्यंत आलो होतो. तिथं चहा घेतला आणि मागं फिरलो. पेठेत फुटबॉलच्या मॅचला दुसऱ्या तालमीच्या पोरांत घुसून भांडणारा मी, आणि माझी ही गत. तू हसशील. हस.

विश्वजित

रेंदाळ
१५ सप्टेंबर

विश्वजितदादा,

मी त्रिशला, महावीरअण्णाची बहीण. तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, फोनही करता आला असता, पण फोनवर मला रडू येईल म्हणून लिहिते आहे. हे पत्र अण्णाला माहीत नाही.

परवा शनिवारी मी आणि अण्णा सरावाला गेलो होतो. दुपारी चारला निघालो, वाटेत दिवस असतानाच जेवलो आणि ठरवल्याप्रमाणे संकेश्वरच्या पुढं, घरापासून शंभर किलोमीटरवर जाऊन परत फिरलो. तिथवर सगळं ठीक होतं. तवंदीच्या अलीकडं माझे हात कापायला लागले, मग रस्ता हलायला लागला आणि मी सायकलसकट रस्त्याकडेच्या मातीत पडले. मागून ट्रक येत होता, तो थोडक्यात वळला. हात सोलले, बाकी काही मोडलं नाही.

समोरच्या ढाब्यावरचा माणूस साखर-मिठाचं सरबत घेऊन पळत आला. "घे की गं पोरी, देव काय म्हणत न्हाय," असं विनवत होता. मी तोंड मिटून घेतलं. मला दोन घोट पाणीच पाहिजे होतं आणि तेही पोटात ठरेना. अण्णा रस्त्यात बसला आणि ढसाढसा रडला. बाबा गेल्यानंतर त्याला मी पहिल्यांदाच असं बघितलं. "पी, त्रिशला, माझ्यासाठी पी," म्हणत होता. मी म्हटलं, तू पिला नाहीस, मी का पिऊ? त्यावर तो उठला आणि येणाऱ्या गाड्यांना हात करू लागला. शेवटी निपाणीला दवाखान्यात सलाईन लावली.

आता माझा प्रश्न. त्याच जागी, तेवढ्याच पाण्यावर अण्णा उठला आणि मी पडले. त्याच्या राईडचं सामान तुम्ही दोघांनी बांधलं होतं. त्याच्या बॅगेत असं काय होतं, जे माझ्या बॅगेत नव्हतं? मी ट्यूब, पाने, दिवे, सगळं त्याच्यासारखंच घेतलं होतं, गाळायचं फडकंसुद्धा. अण्णाला विचारलं तर तो उठून गोठ्यात गेला. सामानात फरक नसेल तर फरक श्रद्धेत असणार. अव्वा तोंडानं बोलत नाही, पण तिलाही तसंच वाटतं. मला स्वतःची फार लाज वाटते, दादा.

ऑक्टोबरला मी परत प्रयत्न करणार आहे. माझी बॅग बिनखिशाचीच शिवा.

त्रिशला

शिवाजी पेठ
१७ सप्टेंबर

महावीरा,

सोबत जोतीरामकडं एक डबी पाठवतोय. पंक्चरची दुसरी डबी. आता उघड.

आत जी पूड आहे ती साखर, सैंधव आणि लिंबूसत्वाची. आक्कानं कुटून दिली होती. राईडच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "पोरगं उपाशीपोटी सायकल हाणणार आणि तू नुसता बघत बसणार व्हय रं?" मी म्हटलं, आक्का, त्याचा नियम आहे. ती म्हणाली, "नियम त्याचा हाय, तुझा न्हाय. ठेव जवळ." ठेवली. ठिगळांच्या डबीत ठेवली, कारण दुसरीकडं कुठं तुला दिसली असती.

घालायची नाही असंच ठरवलं होतं. पण तवंदीला तुझे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, खजूर खा, तू मान हलवलीस. म्हटलं, राईड सोड, तू परत मान हलवलीस. मग तू देवळाकडं तोंड करून डोळे मिटलेस आणि मी डबी उघडली. देवाकडं पाठ केली आणि बाटली हलवली. पाणी गाळून घेतलं, ते मात्र खरं. माझ्या हातून होणाऱ्या पापात किडामुंगी तरी नको, असं तेव्हा डोक्यात आलं. आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं आणि लाजही वाटते.

निपाणीत तू म्हणालास, "विश्वा, पाणी आहे का अजून?" तुला तहान लागली असं वाटून मी दुसरी बाटलीही तशीच कालवून दिली.

तेव्हा वाटलं, माणूस जगला, बास. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी क्लबच्या पोरांनी तुला उचलून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर तुझ्या अव्वानं माझ्या घरी लाडू पाठवले. मग शाल, मग महाराज, आणि आता त्रिशला. तिचं पत्र मला आलंय. तिच्यावर रागावू नकोस. ती विचारते, अण्णाच्या बॅगेत काय होतं. महावीरा, ती पोरगी ट्रकखाली गेली असती तर मी काय तोंड दाखवलं असतं? तिला उत्तर द्यायला पेन घेतलं, पण आधी तुला कळणं तुझा हक्क आहे. तू म्हणशील तर मी येऊन अव्वाच्या पाया पडून सांगतो, सभेत उभा राहून सांगतो.

एकच विचारतो. तुला माहीत नव्हतं, तर नियम तुझा मोडला असं होत नसेल ना? नकळत झालेलं तुला लागत नसेल ना? महाराजांना विचारून मला कळव. मैत्री ठेवायची की नाही ते त्यानंतर ठरव. बॅगा मी शिवतोय. दोन्हीला खिसे ठेवतोय.

विश्वजित

रेंदाळ
२९ सप्टेंबर

विश्वा,

उत्तराला उशीर झाला. तुझ्याआधी बाकीच्यांना सांगायचं होतं, आणि एकेकाला सांगायला मला दिवस लागले.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं. जोतीराम आरशातून बघत होता. "काय वाईट बातमी हाय काय?" म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, जुनीच आहे.

त्या संध्याकाळी त्रिशलासमोर डबी ठेवली आणि सांगितलं. तिनं बोट लावून चव बघितली. दिवस होता अजून. म्हणाली, "म्हंजे मी पडले ते तुझ्या खोट्यानं. आणि मी हिकडं देवाची माफी मागत बसले." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची आणि आत जायची.

अव्वाला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "हात धू आणि जेव, दिवस मावळतोय." पण माझ्या ताटाकडं तिनं बघितलं नाही.

रविवारी प्रवचनानंतर मी परवानगी मागून उभा राहिलो. सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. शाल घडी करून नेली होती, ती पुढं ठेवली. महाराजांनी ती बाजूला ठेवायला सांगितली. मग म्हणाले, "प्यायलास ते एका रात्रीचं. मिरवलंस ते मोठं." प्रायश्चित्त दिलं आहे, ते मी करतोय. बाहेर आल्यावर लोक वाट देऊन बाजूला सरकत होते. खरं सांगू? जूनपासून पहिल्यांदा त्या रस्त्यानं मान वर करून चाललो.

काल त्रिशलानं स्वतःहून तोंड उघडलं. ती ऑक्टोबरच्या राईडला येणार नाही. दिवाळीनंतर आपण तिघांनी पहाटे निघायचं आणि दिवस मावळला की जिथं असू तिथं थांबायचं, असं ती म्हणते. क्लबचा बिल्ला मिळणार नाही, न मिळू दे. आणि निरोप दिला आहे: "विश्वजितदादांना सांग, माझ्या बॅगेला खिसा मोठा ठेवा. दिवसा मी भरपूर खाणार हाय."

आता तुझा प्रश्न. नकळत झालेलं लागतं का, तो प्रश्न मी महाराजांना विचारलाच नाही. विचारायला तोंड नव्हतं. विश्वा, पहिला घोट घेतला तेव्हाच मला कळलं. मीठ, साखर, लिंबू. आक्कांच्या हातचं सरबत मी लहानपणापासून दिवसाउजेडी पीत आलोय, ती चव मला कळणार नाही का? घोट तोंडात होता. थुंकायला जागा होती, वेळही होता. मी गिळला. मग बाटली संपवली.

आणि मग चार महिने तुझ्यावर टाकून गप्प बसलो. पाण्याच्या चवीचं लिहिलं, डबीचं विचारलं, सांगायचं असेल तर सांग म्हणून लिहिलं, ते सगळं एवढ्यासाठी की तू बोललास तर मी फसवला गेलेला ठरेन आणि माझा नियम शाबूत राहील. तू हुपरीपर्यंत येऊन मागं फिरलास ते वाचून मी रात्रभर तळमळलो आणि तरीही कळवलं नाही. त्या रस्त्यात त्रिशला मला म्हणाली, तू पिला नाहीस, तेव्हासुद्धा माझं तोंड उघडलं नाही. तुझ्यासमोर बसायचं धाडस तुला होत नव्हतं, आणि मला तू येऊ नयेस असंच वाटत होतं.

आता ये. बॅगा घेऊन ये, दिवसा ये, अव्वा जेवायला वाढेल. आणि आपण राईडला सामान वाटून घेतो तसं हेही वाटून घेऊ, कारण तू सगळं ओझं एकट्याच्या बॅगेत भरून बसला आहेस. तवंदीची पहिली बाटली तुझ्याकडं राहू दे. निपाणीची दुसरी माझ्याकडं दे. ती मी तहानेनं मागितली नव्हती.

महावीर